अंगठ्याचं बिस्किट

"काका, ही तुमचं जास्त ऐकते की तुमची बायको?"

प्रश्न तिच्या तोंडातून सुटला आणि मागे उभ्या असलेल्या तिच्या वर्गातल्या मिरची आणि ढापणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून फिदीफिदी हसल्या. पैज त्यांचीच. सहलीच्या बसमध्येच ठरलं होतं, की प्राणिसंग्रहालयात हातात पाइप घेतलेला जो पहिला माणूस दिसेल, त्याला हा प्रश्न विचारायचा. मोठ्याने आणि न हसता. गेल्या वर्षी असली पैज लावायला कुणी तिच्याकडे फिरकलंही नसतं. कारण तेव्हा तिचं वर्गातलं नाव 'म्यूट' होतं. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची. मग या वर्षी बाईंनी तिला जवळजवळ ढकलतच वक्तृत्व स्पर्धेला उभं केलं. ती पहिलं मिनिटभर अडखळली आणि नंतर जी सुटली ती वेळ संपल्याची घंटा तीनदा वाजली तरी थांबेचना. त्या दिवसापासून तिचं नाव 'सायरन'.

पाइप हातात असलेला माणूस ओरांगउटानचा राखणदार होता. काचेपलीकडे ती भलीमोठी, तांबूस केसांची म्हातारी गोणपाट डोक्यावर घेऊन बसली होती. राखणदाराने पाणी बंद केलं आणि गणित सोडवावं तसा विचार केला.

"ऐकत तर दोघीही नाहीत," तो म्हणाला. "पण या बाईसाहेब रागावल्या की पाठ फिरवून बसतात. बायको समोर बसते."

सगळा वर्ग खो खो हसला. बाईंनी डोळे वटारले, पण त्याही हसत होत्या.

"आता माझी पाळी," राखणदार म्हणाला. "डब्यात काय आणलंयस?"

सायरनने ऐटीत डबा उघडला. गोल, बदामी रंगाची बिस्किटं आणि प्रत्येकाच्या मधोमध एक खळगा. "माझ्या आईची आहेत. आमची बेकरी आहे. म्हणजे बेकरी कसली, मागे एक खोली, खोलीत भट्टी आणि पुढे खिडकी. हा खळगा दिसतोय ना, तो आईचा अंगठा आहे. खराखुरा."

"अरेच्चा! ही तर हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधली! माझी बायको तिथे आया आहे. आमच्या घरी हीच येतात." त्याने एक उचललं. "काय काय घालते गं आई यात?"

"मैदा, साखर, व्हॅनिला आणि वनस्पती तूप. पंधरा किलोचा डबा येतो, वर झाडाचं चित्र असतं. ताडासारखं."

राखणदाराचा हात बिस्किटासकट तोंडाजवळ थांबला. "हं," तो म्हणाला. "त्याच झाडापायी बाईसाहेब इथे आल्यात."

मग त्याने सांगितलं. समुद्रापलीकडच्या बेटांवर बाईसाहेबांचं रान होतं. तिथे यांचा सगळा जन्म झाडावर जातो, जमिनीवर उतरायची वेळच येत नाही. ते रान पाडलं, जाळलं, आणि तिथे पामच्या रांगाच्या रांगा लावल्या. तेलासाठी. ते तेल बिस्किटात असतं, नूडल्समध्ये असतं, चॉकलेटात असतं, अंगाच्या साबणातही असतं. "ही एवढीशी होती. एका जहाजावर खोक्यात सापडली. यांच्यात पोर सहा-सात वर्षं आईला सोडत नाही. म्हणजे खोक्यात एकटं पोर सापडलं, तर आईचं काय झालं असेल, ते मी कशाला सांगू?"

हसणं कधीच थांबलं होतं.

"मग तुम्ही ही बिस्किटं खाता कशी?" सायरनने विचारलं. हा प्रश्न पैजेतला नव्हता.

राखणदार ओशाळला. "चहाबरोबर दोन खातो, खरंय. आणि पोरी, मी तुझ्या आईला बोल लावत नाहीये हं."

पण बसमध्ये बोल लावायला मिरची होतीच. "ए, सायरनची आई माकडांच्या जिवावर बिस्किटं भाजते!"

"ओरांगउटानला माकड म्हणू नये," ढापणीने चष्मा वर सरकवला. "त्यांना शेपूट नसतं."

"बरं, बिनशेपटीच्यांच्या जिवावर!"

सायरन घर येईपर्यंत डबा मांडीवर घट्ट धरून बसली.

आई नेहमीच्या जागी होती. लांब टेबल, टेबलावर ताट, ताटात पिठाचे अठ्ठेचाळीस गोळे, आणि त्यावरून टप्, टप्, टप् चालणारा आईचा उजवा अंगठा. एकोणीस वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हा साचा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आईने अंगठा वापरला. नंतर साचा घेता आला असता, पण तोवर लोकच खिडकीशी येऊन 'अंगठ्याचं द्या' म्हणायला लागले होते. त्या खळग्यात चहा जरा थांबतो, बिस्किट आतून भिजतं आणि दात नसलेल्या माणसालाही खाता येतं. हॉस्पिटलात अशी माणसं पुष्कळ. आई कधी कुठे भाषण करायला गेली नाही, तिचा फोटो कधी कुठे छापून आला नाही. सकाळी सहाला भट्टी, दहाला खिडकी, दुपारी आणखी दोन ताटं, संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचं पीठ, एवढ्यातच तिची एकोणीस वर्षं गेली होती.

"आई, आपण जंगलं तोडतोय!" सायरनने दारातूनच जाहीर केलं.

"मी? मी आज उंबऱ्याबाहेरसुद्धा पडले नाहीये."

"कधी तोडली?" बाबा कोपऱ्यात बसून कागदी पुडे चिकटवत होते. "मला न विचारता?"

"चेष्टा नकोय, बाबा!" मग तिने सगळं सांगितलं, हातवारे करून, स्पर्धेत बोलावं तसं. आईचा अंगठा चालत राहिला, पण खोक्यातल्या पोराशी येऊन थांबला.

"मग काय घालू?" आईने विचारलं.

"सूर्यफुलाचं तेल!"

"पातळ तेलात बिस्किट उभं राहत नाही गं. लोण्याचं फार छान होतं, पण मग ते आयांना परवडायचं नाही."

"म्हणजे तुला काही वाटतच नाही!"

"वाटतं. पण नुसतं वाटून पीठ मळलं जात नाही. तुझी परीक्षा होऊ दे, सुट्टीत बघू."

आईचं 'बघू' म्हणजे काय, हे सायरनला चांगलं ठाऊक होतं. झोपाळ्याबद्दल आई 'बघू' म्हणाली होती, तेव्हा सायरन पहिलीत होती.

शनिवारी आईची दाढ ठणकायला लागली. दुपारपर्यंत गाल तापला, आणि संध्याकाळी बाबा तिला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाले. दारात चपला घालताना आई वळली. "पीठ तू मळ आज. मापं भिंतीवर लिहिलीत. मळून झालं की ओलं फडकं घालून ठेव."

पीठ मळायला आईने आजवर कुणालाच दिलं नव्हतं, बाबांनाही नाही. एकदा त्यांनी हात घातला होता तेव्हा 'तुम्ही आपले पुडे चिकटवा' असं ऐकून घेतलं होतं. सायरनची छाती फुगली. अशी ती जेमतेम दहा सेकंद फुगलेली राहिली. मग तिची नजर त्या डब्यावर गेली, डब्यावरच्या झाडावर, आणि स्वयंपाकघरातल्या सूर्यफुलाच्या कॅनवर.

तिने बरोबर वजन केलं, एक ग्रॅमही इकडेतिकडे नाही. फक्त वनस्पतीच्या जागी तेल ओतलं. फडकं टाकताना तिला वाटलं, आपण खरंच काहीतरी केलं. नुसतं बोललो नाही, करून दाखवलं. उद्या बिस्किटं छान झाली की सांगायचं!

सकाळी आईचा गाल पावासारखा फुगला होता. डॉक्टरांनी दाढ काढली होती आणि दिवसभर तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं होतं. आईने फडकं उचललं आणि पिठाला हात लावला. नुसता लावला. मग तिथेच थांबली. तिने एक गोळा घेतला, ताटात ठेवला, मधोमध अंगठा दाबला आणि उचलला. खळग्यात हळूहळू तेल जमा झालं.

आईने लेकीकडे पाहिलं.

"भाजून तर बघू," बाबा घाईघाईने म्हणाले. "भट्टीत गेल्यावर काहीतरी होईल."

झालं खरंच. ताट बाहेर आलं तेव्हा अठ्ठेचाळीस बिस्किटांचं एकच बिस्किट झालं होतं, सपाट आणि चकचकीत. अंगठा कुठेच नव्हता.

"वा, चटई झाली की!" बाबा म्हणाले. कुणीच हसलं नाही.

आईने भट्टी बंद केली. मग पुढे जाऊन खिडकीची फळी आतून लावून घेतली. लेक जन्मली त्या दिवशीही आई दोन ताटं भाजून मगच दवाखान्यात गेली होती, असं बाबा नेहमी सांगत. एकोणीस वर्षांत खिडकी बंद राहिली ती आज. आई रागावली होती की दाढेमुळे गप्प होती, हे कळायला काही मार्गच नव्हता, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं.

"आई, मला वाटलं होतं की..." पुढचं वाक्यच सापडेना. घंटा वाजली तरी न थांबणाऱ्या सायरनला!

आईने पुड्याचा एक कागद ओढला, पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि पुढे सरकवला. 'पीठ गेलं तर गेलं. मी तुझ्यावर सोडून गेले होते.'

एवढंच. सायरनने तो कागद दोनदा वाचला आणि तिला रडू फुटलं. रडत रडतच ती बाबांना म्हणाली, "कॅन्टीनमध्ये मी येते. मीच सांगते त्यांना."

कॅन्टीनच्या काउंटरवर काचेची बरणी धुऊन पालथी ठेवलेली होती. चहासाठी रांग लागली होती. सायरनने मोठा श्वास घेतला. "काका, आज बिस्किटं नाहीत. पीठ मी बिघडवलं. आईने नाही, मी. आईला न सांगता."

"काय सांगतेस!" कॅन्टीनवाला म्हणाला. "मी म्हटलं, आईची तब्येत वगैरे..."

"दाढ काढलीय. पण त्याचा काही संबंध नाही."

"आज कोरडाच चहा," रांगेतल्या एका आयाबाईंनी सुस्कारा सोडला.

कॅन्टीनवाला वाईट माणूस नव्हता. पण तो बाबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "दादा, आजचं आज. पण उद्याही बरणी रिकामी राहिली तर मला कंपनीचे पुडे ठेवावे लागतील. त्यांचा माणूस रोज येऊन बसतो इथे. आणि एकदा त्यांचे पुडे आले, की मग बरणीला जागा उरत नाही."

घरी परतल्या परतल्या बाबांनी हे आईच्या कानावर घातलं. आई बाहेर जायच्या चपला घालून बसली होती. डोक्यावरून हनुवटीखाली रुमाल बांधला होता. तिने मान हलवली आणि नवीन कागद लेकीपुढे केला. 'चल. दाखव मला ती.'

रविवार म्हणून प्राणिसंग्रहालयात गर्दी होती. राखणदाराने सायरनला लांबूनच ओळखलं. "काय गं, आज कोणता प्रश्न?"

"ही माझी आई. अंगठ्यावाली."

राखणदार गडबडला, हात पँटला पुसायला लागला. "ताई, त्या दिवशी मी पोरीपुढे उगाच..."

आईने हाताने 'असू दे' केलं आणि काचेसमोर जाऊन उभी राहिली. तांबूस म्हातारी पलीकडून बघत होती. ती गोणपाट सोडून हळूहळू पुढे आली आणि आईच्या अगदी समोर बसली. आईच्या सुजलेल्या गालाकडे तिने कितीतरी वेळ पाहिलं. मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. आई ठणक्याने गाल धरून उभी होती. म्हातारीने आपला लांबलचक हात उचलला आणि स्वतःचा गाल धरला.

आईला हसू आलं. हसल्याबरोबर कळ आली आणि तिने दोन्ही हातांनी गाल धरले. म्हातारीनेही दोन्ही हातांनी धरले.

"आई गं," आई कशीबशी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दाढेचं की कशाचं, कुणास ठाऊक. मग डॉक्टरांचा हुकूम मोडून, अर्ध्या तोंडाने तिने राखणदाराला विचारलं, "भाऊ, मग घालू काय?"

"मग सोडूनच देऊ ना?" सायरन मध्येच म्हणाली. "पामतेल नकोच!"

"ते बोलायला सोपं आहे," राखणदार म्हणाला. "तेवढंच तेल दुसऱ्या कशातून काढायचं तर त्याला कितीतरी जास्त जमीन लागते. मग ती जमीन कुठून आणायची? दुसरं कुठलं तरी रान पाडून. ताई, नवीन रान न पाडता, जुन्या लागवडीतून काढलेलं पामतेलही मिळतं. कुठल्या बागेतून आलं, त्याचा कागद असतो. तो कागद शंभर टक्के खरा असेलच, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण काहीच न विचारण्यापेक्षा बरं. मागावा मात्र लागतो. मागतच नाही हो कुणी."

आईने मान डोलावली. नवा प्रकार समजून घेताना ती डोलवायची तशी, हळू, दोनदा. निघताना तिने काचेकडे वळून पाहिलं. बाईसाहेब गाल सोडायला तयार नव्हत्या.

संध्याकाळी तेलाच्या व्यापाऱ्याला फोन लागला.

"बाई कुठायत?" व्यापाऱ्याने विचारलं.

"आईची दाढ काढलीय. मी बोलतेय. ती शेजारीच बसलीय डोळे वटारून." आणि सायरनने सगळं विचारलं. हातवारे न करता, भाषण न करता, आईने कागदावर लिहून दिलं होतं तसं, ओळीने.

व्यापारी हसला. "महिन्याला चार डबे घेता आणि त्यावर बागेचा कागद पाहिजे? अहो, मोठमोठे लोक मागत नाहीत!"

आईने फोन ओढून घेतला. सुजलेल्या तोंडातून एकेक शब्द जड होऊन बाहेर पडत होता. "एकोणीस वर्षं तुमच्याकडूनच घेतेय. कधी काही विचारलं नाही. आता विचारतेय."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग व्यापाऱ्याचा आवाज बदलला. "तसा माल येतो, बाई. डब्याला थोडे जास्त पडतात, तुम्हाला झेपतील. पण कंपनी चाळीस डब्यांच्या खाली गाडी पाठवत नाही. चाळीस घेत असाल तर उद्याच मागवतो."

फोन ठेवल्यावर बाबांनी खोलीभर नजर फिरवली. "चाळीस डबे! ठेवायचे कुठे? पलंगावर डबे झोपतील आणि आपण खाली."

"आणि संपेपर्यंत खवट होतील," आई पुटपुटली. ती उठली. उद्या कॅन्टीनची बरणी भरायचीच होती. तिने मैदा मोजला, साखर मोजली, आणि तो जुना, झाडाचं चित्र असलेला डबा टेबलावर आणून ठेवला. अगदी मधोमध, लेकीच्या डोळ्यांसमोर. सायरनने त्या डब्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला त्यावर काही बोलावंसं वाटलं नाही. बोलून बरणी भरणार नव्हती आणि रानही उभं राहणार नव्हतं.

आईने परात तिच्याकडे सरकवली. "मळ."

"मी?"

"मग कोण? तुझे बाबा?"

सायरनने बाह्या वर केल्या. पीठ आधी भुसभुशीत होतं, मग हळूहळू हाताला धरायला लागलं. हे पीठ कालच्यासारखं घसरत नव्हतं. आई शेजारी उभी राहून बघत होती, आणि मध्येच नुसत्या बोटाने दाखवत होती, इथे, अजून जरा.

"आपल्यासारखे आणखी कुणी असतील ना," सायरन मळता मळता म्हणाली. "चार डबेवाले. सहा डबेवाले."

"असतील की," बाबा म्हणाले. "त्या पुलापलीकडच्या केकवाल्या बाई आहेत. टोस्टवाले दोघं भाऊ आहेत. पण कोण ऐकणार आपलं? आणि सगळ्यांत जास्त वनस्पती लागते चौकातल्या पाववाल्याला. त्याच्याकडे तर मी जाणार नाही, सांगून ठेवतो. सात वर्षं तोंड बघितलं नाही मी त्याचं."

"का पण?" सायरनने विचारलं.

"का ते आता आठवत नाही. पण काहीतरी मोठं होतं."

आई तोंडावर हात धरून हसली.

सायरनने पिठाचा गोळा परातीच्या मधोमध आणला, त्यावर ओलं फडकं पसरलं आणि हात झटकले. मैदा तिच्या कोपरापर्यंत आला होता. ती दोघांकडे वळली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. अभ्यास मी सकाळी करणार. आणि उद्यापासून शाळा सुटली की रोज एका बेकरीत जाऊन बोलणार. सगळ्यांचे मिळून चाळीस डबे होईपर्यंत. कुणी नाही म्हणालं, तर दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे परत जाणार. आणि बाबा, उद्या पहिल्यांदा पाववाल्याकडे जाणार आहे. तुम्ही येऊ नका. तुमच्या वाटचंही मीच बोलून येईन."